शस्त्रक्रियेनंतरची वर्षं

आमच्या भाईंदरच्या सोसायटीतल्या एक काकू अर्धी वाटी मुगाचं वरण वीस मिनिटं सावकाश खातात. जेवताना पाण्याचा घोट नाही, तो अर्ध्या तासानंतर. तीन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेनं त्यांचं जठर लहान केलं. इन्सुलिन सुटलं, स्टेशनचा पूल न थांबता चढता येऊ लागला. यंदा मात्र तळपायांना मुंग्या यायला लागल्या. काकू शाकाहारी, आणि बी-१२ची गोळी त्यांनी दुसऱ्याच वर्षी बंद केलेली. "साखर नॉर्मल आली, मग गोळ्या कशाला?" ही गोळी जन्मभराची आहे, हे त्यांना पुन्हा बोलावून कुणी सांगितलंच नव्हतं.

लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया कुणी करावी, हा वाद आपण वजनकाट्यावर सोडवू पाहतो. पण भारतीय शरीराच्या बाबतीत काटा फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण मांडलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणातलं वजन, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

या पार्श्वभूमीवर पुण्याचेच शल्यविशारद डॉ. शशांक शहा आणि डॉ. जयश्री तोडकर यांचं काम मला मोलाचं वाटतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १५ मधुमेही होते, बीएमआय २२ ते ३५, म्हणजे जुन्या पाश्चात्त्य निकषांनी शस्त्रक्रियेला अपात्रच. जठराच्या बायपासनंतर तीन महिन्यांत सगळ्यांची मधुमेहाची औषधं सुटली. आतड्याचा मार्ग बदलला की भूक आणि इन्सुलिन यांना हलवणारी संप्रेरकंच बदलतात, त्यामुळे साखर वजनाच्याही आधी उतरू लागते.

तरीही १५ माणसं आणि नऊ महिन्यांचा पाठपुरावा, एवढ्यावर निकाल देता येत नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांचं मृत्यूचं प्रमाण कमी भरलं, हे खरं. पण त्याच अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहींची साखर आटोक्यात होती, आणि पंधरा वर्षांनी जेमतेम ३० टक्क्यांची. पंधरा वर्षं टिकलेले ते ३० टक्केही थोडे नव्हेत. फक्त 'मधुमेह कायमचा गेला' अशी जाहिरात मला मान्य नाही.

पचनसंस्थेचा हिशेबही मांडायला हवा. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची अरुंद नळी करतात. त्यात आम्लपित्त वर येण्याचा त्रास वाढू शकतो. रात्री दहाच्या लोकलनं मीरा रोडला उतरायचं, साडेदहाला जेवायचं आणि अकराला आडवं व्हायचं, अशी छातीत आधीच जळजळ असलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी बहुधा बायपास बरा. पण त्यात लोह, कॅल्शियम, बी-१२ कमी शोषलं जातं. वजन झपाट्यानं उतरलं तर पित्ताचे खडे होऊ शकतात. मीरा-भाईंदरमध्ये शाकाहारी कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत आणि बी-१२ची कमतरता अशा घरांत अनेकदा शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच असते.

विम्याचे नियम मात्र जुन्या आकड्यांवरच थांबलेत. विमा नियामकाच्या २०१९च्या नियमावलीत बीएमआय ४० किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ ही अट आहे. शल्यविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई लोकांसाठी २७.५ ही मर्यादा सुचवली. विम्याच्या जुन्या अटीमुळे ३० बीएमआयच्या, इन्सुलिन घेणाऱ्या रिक्षावाल्याला सगळा खर्च खिशातून करावा लागतो. २०२५ पासून मिळू लागलेली भूक कमी करणारी इंजेक्शनं हा पर्याय आहे, पण ती थांबवली की वजन बहुधा परत चढतं.

म्हणून विम्याची मर्यादा खाली आणावी, या मताचा मी आहे. पण त्याच पॉलिसीत पाच वर्षांच्या रक्ततपासण्या आणि आहारतज्ज्ञाचा सल्ला बांधलेला हवा. शस्त्रक्रियेपुरते पैसे देऊन विमा कंपनीनं हात झटकू नयेत. भाईंदरच्या भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात आठवड्यातून एक सकाळ अशा रुग्णांसाठी राखावी, शस्त्रक्रिया कुठेही झालेली असो. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व तपासावं, आणि जो आला नाही त्याला फोन करावा. काकूंना आता इंजेक्शनं सुरू झाली आहेत. उजव्या पायाच्या मुंग्या थांबल्यात, डाव्याच्या अजून नाहीत.