नाव घातले की खर्च

भाजपच्या ‘अबकी बार मोदी सरकार’ या ओळीत पक्षाचे नाव नव्हते. त्या-त्या मतदारसंघातल्या उमेदवाराचे तर नव्हतेच. ओगिल्व्ही या जाहिरात संस्थेच्या पीयूष पांडे यांच्या चमूची ही कामगिरी. २०१४ मध्ये ती शेंबड्या पोरालाही पाठ होती. जाहिरातीच्या धंद्यात याला चोख काम म्हणतात.

उमेदवाराचे नाव गाळण्यात केवळ कलादृष्टी नसते, हिशेबही असतो. लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये ७० लाख होती, २०२४ मध्ये ९५ लाख. पक्षाला मर्यादाच नाही. फलकावर नुसता नेता आणि चिन्ह असेल तर बिल पक्षाच्या खाती. कोपऱ्यात उमेदवाराचा फोटो चिकटवला की ते उमेदवाराच्या खात्यावर येऊ लागते. म्हणजे अंधेरीच्या मतदाराला ‘तुमचा उमेदवार हा’ असे सांगणे महाग, न सांगणे सोयीचे. सगळेच पक्ष ही सोय वापरतात. एजन्सी नियमात, पक्षही नियमात.

उमेदवार मात्र कोणाच्याच खिजगणतीत नाही. भाजपचे गोपाळ शेट्टी बोरिवलीच्या उत्तर मुंबई मतदारसंघातून २०१४ मध्ये ४,४६,५८२ मतांनी निवडून आले आणि २०१९ मध्ये ४,६५,२४७ मतांनी. २०२४ मध्ये त्यांचे तिकीट कापले गेले. मिळाले कोणाला? पक्षाच्या २०१४ च्या जाहिरात मोहिमेची धुरा ज्यांच्याकडे होती, त्या पीयूष गोयल यांना. गोयल यांच्या कर्तबगारीबद्दल वाद नाही. पण साडेचार लाखांचे मताधिक्य शेट्टींचे आहे असे पक्षाला वाटले असते, तर त्यांचे नाव इतक्या सहज खोडले गेले असते का?

गोयल ३,५७,६०८ मतांनी जिंकले. मताधिक्य लाखभराने घटले, जागा राखली गेली. हिशेब जुळला.

शेजारच्या ईशान्य मुंबईत तो जुळला नाही. तिथे भाजपने तीन निवडणुकांत तीन नावे दिली: किरीट सोमय्या, मनोज कोटक, मिहिर कोटेचा. पहिली दोन तरली. तिसऱ्यासाठी १५ मे २०२४ रोजी खुद्द पंतप्रधानांनी घाटकोपरला रोड शो केला. मुलुंडचे आमदार असलेले कोटेचा २९,८६१ मतांनी पडले.