अठराशे रुपयांची मोटार

नव्या प्राप्तिकर कायद्यावर 21 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची मोहोर उठली. जुन्या कायद्यातील 819 कलमांची 536 झाली, भाषा बरीच सुटसुटीत झाली. अर्थमंत्रालयाने त्याबद्दल पाठ थोपटून घेतली, तर त्यात गैर काही नाही. पण पगारदाराच्या खिशाला जे चिमटे बसतात किंवा ज्या सवलती मिळतात, त्या कायद्यात कमी आणि नियमांत जास्त असतात. 1 एप्रिल 2026 पासून हा कायदा लागू, आणि त्याबरोबर 1962 ची नियमावलीही निवृत्त. तिच्या जागी येणारी नवी नियमावली ऑगस्ट 2025 मध्ये अजून लिहिली जायची होती. त्यामुळे जुन्यातले काय टाकून द्यायचे हे सांगण्याची वेळ तीच होती. आमच्या मते त्या यादीत तिसऱ्या नियमातला, कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेल्या मोटारीचा पोटनियम फार वरच्या जागी असायला हवा होता.

हा पोटनियम काय म्हणत होता ते बहुतेक नोकरदारांना फॉर्म 16 हाती आल्यावर, सोबतच्या 12-बीए या तक्त्यात 'मोटार' या शब्दापुढे 21,600 असा आकडा दिसला की कळायचे. कंपनीची मोटार, मालकीची असो वा भाड्याची, थोडी कामासाठी आणि थोडी घरासाठी वापरली जात असेल आणि पेट्रोल-देखभालीचा खर्च कंपनी करत असेल, तर कर्मचाऱ्याला महिन्याला 1,800 रुपयांचा लाभ झाला असे 1962 च्या नियमावलीत धरत. इंजिन 1.6 लिटरपेक्षा मोठे असेल तर 2,400. चालक दिला असेल तर आणखी 900. एवढी रक्कम पगारात मिळवून तिच्यावर कर लागे. खासगी वापराचे पेट्रोल कर्मचारी स्वतः भरत असेल तर हेच आकडे 600 आणि 900 वर येत. मोटार निव्वळ कंपनीच्या कामासाठी असेल तर करपात्र लाभ शून्य. मात्र प्रत्येक फेरीची तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च यांची नोंदवही ठेवावी लागे. घरून कार्यालयात आणि कार्यालयातून घरी नेणे-आणणे हा लाभ मानला जात नाही. कंपनीच्या बसवर कर लागत नाही, तो याच कारणाने.

आता याची दुसरी बाजू. मोटार पूर्णपणे खासगी वापरासाठी असेल तर हिशेब एकदम पालटे. कंपनीचा सगळा प्रत्यक्ष खर्च, अधिक मोटारीच्या किमतीच्या वर्षाला 10 टक्के, असे मूल्य धरावे लागे. कंपनीच्या मालकीची 20 लाखांची मोटार आणि वर्षाचा 1 लाख 20 हजारांचा पेट्रोल-देखभालीचा खर्च घेतला, तर करपात्र लाभ 3 लाख 20 हजार होई. त्याच मोटारीतून महिन्यातून चार वेळा ग्राहकाकडे जाऊन आल्याचे दाखवले की तो 21,600 वर घसरे. साहजिकच या देशात पूर्णपणे खासगी वापराची कंपनी-मोटार शोधूनही सापडत नसे!

हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीच्या कंपन्यांत मनुष्यबळ विभाग 'कार लीज'ची योजना उत्साहाने समजावून सांगे, त्यामागचे गणित हेच होते. समजा, एखाद्याचा सीटीसी 35 लाखांचा आहे. लीजचे 35 हजार आणि पेट्रोल, विमा, देखभालीचे 10 हजार असे महिन्याचे 45 हजार, म्हणजे वर्षाचे 5 लाख 40 हजार, पगारातून वळते झाले. ही रक्कम रोख हातात आली असती तर तिच्यावर उपकरासह 31.2 टक्के दराने 1 लाख 68 हजार 480 रुपये कर गेला असता. लीजमुळे कर लागे 21,600 वर, म्हणजे 6,739 रुपये. वर्षाला 1 लाख 62 हजारांच्या आसपास बचत. चार वर्षांच्या लीजमध्ये जवळपास साडेसहा लाख. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्ता गेला, 80-सी गेले, प्रवास सवलत गेली. मोटार मात्र राहिली. तिचे आकर्षण वाढले यात नवल नाही, आणि जो कर्मचारी ती घेतो त्याला दोष देण्याचेही कारण नाही. नियम आहे तो पाळतो आहे.

दोष होता तो मोजपट्टीत. 1,800 आणि 2,400 हे आकडे 2009 चे होते. त्याआधी 2001 मध्ये ते 1,200 आणि 1,600 होते. मधली चार वर्षे फ्रिंज बेनिफिट टॅक्सची, त्यात कर कंपनीच्या माथी होता. तो रद्द झाला तेव्हा जुने आकडे दीडपट करून हे नवे आले, आणि तिथेच थिजले. तेव्हा मुंबईत पेट्रोल लिटरला पन्नाशीच्या आत होते, आज शंभरच्या वर आहे. 1,800 रुपयांचे पेट्रोल पुण्याहून महाबळेश्वरला जाऊन येईपर्यंत संपते. आणि 900 रुपयांत महिनाभर मिळणारा चालक? रोजचे 30 रुपये झाले. मुंबई-पुण्यात या पगारावर कोणी मिळत असेल तर त्याचा पत्ता अर्थमंत्रालयाने जरूर जाहीर करावा.

त्याहून विचित्र आहे ती 1.6 लिटरची रेघ. कधीकाळी मोठे इंजिन म्हणजे महागडी मोटार, हे समीकरण खरे होते. टर्बो इंजिनांनी ते केव्हाच मोडीत काढले. चाकणला जुळणी होणारी मर्सिडीज जीएलए 200 ही पन्नास लाखांच्या घरातली मोटार. तिचे पेट्रोल इंजिन 1,332 सीसीचे. बीएमडब्ल्यू एक्स-1 चे पेट्रोल इंजिन 1,499 सीसीचे. दोन्ही नियमाच्या लेखी 'लहान' मोटारी, लाभ 1,800. त्यांच्या निम्म्या किमतीची इनोव्हा क्रिस्टा मात्र 2,393 सीसीच्या डिझेल इंजिनामुळे 'मोठी', तिला 2,400. विजेच्या मोटारीला तर सीसीच नसतात. रांजणगावहून निघणारी नेक्सॉन ईव्ही आणि चाकणहून निघणारी एक्सईव्ही 9ई यांना कोणत्या रकान्यात बसवायचे, यावर नियम मौन बाळगून होता. अनेक कंपन्या कमी आकडा धरून मोकळ्या होत.

दुसरीकडे याच 'लाभा'चा धाक भलत्या ठिकाणी बसतो. कंपनीच्या मालकीची मोटार काही वर्षांनी कर्मचाऱ्याला विकली जाते, तेव्हा तिची किंमत दर वर्षी उरलेल्या रकमेच्या 20 टक्क्यांनी घटवून काढतात. 20 लाखांची मोटार चार वर्षांनी 8 लाख 19 हजारांची ठरते. कंपनीने ती 5 लाखांना दिली तर उरलेले 3 लाख 19 हजार थेट पगारात धरले जातात आणि त्या वर्षीचा टीडीएस बघून कर्मचारी हबकतो. म्हणजे घसारा मोजताना सरकारला मोटारीची किंमत बरोबर आठवते. वापराचा लाभ मोजताना मात्र ते बॉनेट उघडून इंजिन पाहते.

अन्यत्र हे वेगळ्या रीतीने होते. जर्मनीत मोटारीच्या छापील किमतीच्या महिन्याला 1 टक्का एवढा लाभ धरतात, विजेच्या मोटारींना सवलत देतात. ब्रिटनने 2002 पासून किंमत आणि कार्बन उत्सर्जन यांची सांगड घातली. 2025-26 च्या करवर्षात 40 हजार पौंडांच्या विजेच्या मोटारीवर 3 टक्के दराने 1,200 पौंड लाभ धरला गेला. त्याच किमतीच्या, सर्वाधिक धूर ओकणाऱ्या मोटारीवर 37 टक्के दराने 14,800 पौंड. जर्मनीचा 1 टक्का आपल्याकडे लावला तर 20 लाखांच्या मोटारीचा लाभ महिन्याला 20 हजार होईल. तेवढी उडी एकदम मारावी असे आम्ही म्हणणार नाही. पण किंमत हा पाया आणि ठरीव टक्का हे मोजमाप, यात अवघड काय आहे? ठरीव आकड्यामुळे नोंदवह्यांचे वाद टळतात हा जुन्या नियमाचा एक खरा गुण, तोही यात शाबूत राहतो.

प्रामाणिक पगारदारालाच का पिळायचे, असा प्रश्न यावर येईल, आणि तो रास्त आहे. धंदेवाईक आपली मोटार धंद्याच्या वहीत घालतो, पेट्रोल आणि घसारा दोन्ही वजा करतो. त्यातला खासगी वापर वगळावा असे कायदा म्हणतो, तपासतो कोण? ते ढिलेपण सुधारायलाच हवे. पण मोटारवाल्या पगारदाराची तुलना व्यापाऱ्याशी करण्याआधी शेजारच्या टेबलावरच्या पगारदाराशी करून पाहावी. लोकलच्या पासाला, पीएमपीच्या बसला, स्वतःच्या स्कूटरला उपयोगी पडणारा महिना 1,600 रुपयांचा वाहतूक भत्ता 2018 च्या अर्थसंकल्पाने सर्वसामान्यांसाठी करमुक्त ठेवला नाही. तो वैद्यकीय सवलतीसह 40 हजारांच्या प्रमाणित वजावटीत विरघळला. ती वजावट आज नव्या प्रणालीत 75 हजार आहे, पण ती मोटारवाल्यालाही मिळतेच. वर मोटारीची सूट वेगळी. आणि ही सूट सर्वांत मोलाची कोणाला, तर 24 लाखांवर 30 टक्के भरणाऱ्याला. 12 लाखांच्या आत करमुक्त असणाऱ्याला तिचा उपयोग शून्य.

जुने आकडे कुजतात हे सरकारला ठाऊक नाही असेही नाही. काही लाभ करपात्र ठरण्यासाठी लागणारी पगाराची मर्यादा 2001 पासून वर्षाला 50 हजारांवर अडकली होती. 18 ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने ती 4 लाखांवर नेली. एकदम आठपट, आणि तेही गाजावाजा न करता. मोटारीच्या नियमालाही तसाच हात लावता येईल. त्यासाठी संसदेत नवे विधेयक आणावे लागत नाही. किमतीचा पाया, विजेच्या मोटारीला स्पष्ट आणि मुदतबंद सवलत, चालकाच्या प्रत्यक्ष पगाराचा ठरावीक हिस्सा आणि दर तीन वर्षांनी आपोआप फेरआढावा, एवढे नव्या नियमावलीत आले तरी पुरे. त्यातून वाचणाऱ्या महसुलाचा एक भाग सार्वजनिक वाहतुकीच्या पासाला करमुक्ती देण्यावर खर्च करावा.

लीजच्या कागदांवर सही करणाऱ्यांनी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. लीज तीन-चार वर्षांचे असते आणि जुनी नियमावली मार्च 2026 अखेरपर्यंतचीच होती. मनुष्यबळ विभागाने दाखवलेला बचतीचा तक्ता 2009 च्या दरांवर बेतलेला आहे का ते पाहावे. दर तिप्पट झाले तर उरलेल्या हप्त्यांचे काय, नोकरी मध्येच सोडली तर लीज मोडण्याचा दंड किती आणि मुदत संपल्यावर मोटार कोणत्या किमतीला मिळणार, याची उत्तरे तोंडी न घेता लेखी मागावीत.