खाती दोन, माणूस एकच

महाराष्ट्र शासनाने २८ जुलै २०२५ रोजी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एक परिपत्रक काढले. समाजमाध्यमांवर वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, वैयक्तिक खात्यावर गणवेश, सरकारी गाडी, कार्यालय यांचे फोटो वा रील टाकू नका, शासनाच्या धोरणावर टीका करू नका, असे त्यात सांगितले आहे. हे परिपत्रक सिल्वासाला लागू नाही. तरी आपल्या मंडळींनी त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

आपल्यापैकी जे इथल्या प्रशासनात नोकरीला आहेत, त्यांना केंद्राचे १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. त्यांतला नियम ९ सरकारी धोरणावरील जाहीर टीकेला मनाई करतो, मग ती स्वतःच्या नावाने असो, टोपणनावाने असो की निनावी. त्यामुळे दुसरे खाते उघडून किंवा ‘मते वैयक्तिक’ अशी ओळ टाकून सुटका होत नाही.

याचे ठळक उदाहरण इथलेच आहे. दादरा नगर हवेलीचे तत्कालीन जिल्हाधिकारी कन्नन गोपीनाथन २०१८ च्या महापुरानंतर केरळमध्ये आपले पद न सांगता मदतकेंद्रांत राबले. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमधील निर्बंधांच्या प्रश्नावर मोकळेपणाने बोलता यावे, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे मत पटो वा न पटो, मदत करताना त्यांना पद बाजूला ठेवता आले. मत मांडण्यासाठी मात्र ते सोडावे लागले.

म्हणून नोकरदाराने गप्पच बसावे, असेही नाही. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने फेसबुक पोस्टशी संबंधित एका प्रकरणातील कारवाई रद्द केली आणि नियमांच्या मर्यादेत सरकारी कर्मचाऱ्यालाही अभिव्यक्तीचा हक्क आहे, हे स्पष्ट केले. पदाचा रुबाब खासगी खात्यावर मिरवू नये, हे योग्यच. पण गल्लीतल्या खड्ड्याची तक्रार नागरिक म्हणून केली, तर तिला धोरणावरची टीका समजू नये.

कारखान्यांत काम करणाऱ्यांना हे सरकारी नियम नाहीत; मात्र नेमणूकपत्रात अटी असू शकतात. त्या एकदा वाचून घ्याव्यात.

सिल्वासा लहान आहे, इथे सगळे एकमेकांना ओळखतात. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात कोणी मोकळेपणाने काही लिहिले, तर त्याचा स्क्रीनशॉट बाहेर पाठवण्यापूर्वी त्याला विचारावे. आपल्याला ती गंमत वाटेल, त्याला नोकरीत उत्तर द्यावे लागेल.