उजनी भरली, नळ मात्र कोरडे

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरणाचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये धरण काठोकाठ भरले. साठा उणे असता पालकमंत्र्यांपासून ग्रामपंचायत सदस्यापर्यंत सर्वांच्या तोंडी पाण्याच्या नियोजनाची भाषा होती. धरण भरताच ती विरून गेली आणि उसाच्या नव्या लागणी सुरू झाल्या. सोलापूर जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही.

हा जिल्हा पर्जन्यछायेचा. वर्षाकाठी सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आजही घरोघर सांगितली जाते, ती दुष्काळाने कोठार उघडावयास लावले म्हणूनच. इंग्रजी अमलात १८७१ साली एकरूखचा तलाव पुरा झाला. पुढे पाचच वर्षांत महादुष्काळ आला. त्याच दुष्काळात, १८७७ मध्ये, सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली. उपाशी खेड्यांतून आणि तेलंगणातून आलेल्या माणसांनी हे गिरणगाव वसविले. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणारे हे शहर असे घडले. १९३० च्या मार्शल लॉशी झुंजणारे सोलापूर ते हेच. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्रमाग, चादर, टॉवेल आणि विडी यांवर शहर तगून राहिले. पाण्याचा प्रश्न मात्र सुटला नाही.

तो सुटेल, ही आशा १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनीने निर्माण केली होती. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट. परंतु त्यांतील निम्म्याहून अधिक साठा मृत आहे; तो कालव्यात आपोआप उतरत नाही, उपसावा लागतो. शिवाय हे पाणी सोलापूरच्या पावसाचे नव्हे. पुणे जिल्ह्याच्या डोंगरांत पाऊस झाला, वरची धरणे भरली आणि त्यांनी पाणी सोडले, तर उजनी भरते. २०२१ मध्ये इंदापूरसाठी पाच टीएमसी उचलण्याच्या मंजुरीवरून जिल्हा पेटला आणि महिन्याभरातच तो आदेश रद्द करावा लागला. वरच्यांविरुद्ध असा एकवटणारा जिल्हा स्वतःच्या हद्दीतील वाटपाविषयी मात्र मूग गिळून बसतो.

या बाबतीत अमेरिकेच्या पश्चिमेकडील अ‍ॅरिझोना राज्याचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी सात राज्यांत वाटून देणारा करार १९२२ साली झाला. त्यासाठी जी वर्षे प्रमाण मानली ती नेमकी भरघोस पावसाची होती; परिणामी नदीत जितके पाणी सरासरीने वाहते त्याहून अधिक कागदावर वाटले गेले. पुढे आपल्या वाळवंटी शहरांपर्यंत कालवा नेण्यासाठी अ‍ॅरिझोनाने १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाचा अग्रहक्क मान्य केला. त्या सवलतीची किंमत २०२२ मध्ये चुकवावी लागली. नदीवरील मोठ्या जलाशयाची पातळी खालावताच पहिली मोठी कपात या राज्यावर आली आणि तिचा सर्वाधिक फटका मध्य भागातील शेतकऱ्यांना बसला. वाळवंटात कापूस आणि लसूणघास पिकविणारे हे शेतकरी. लसूणघासही वर्षभर पाणी पिते.

सोलापूरची लसूणघास म्हणजे ऊस. तीसहून अधिक साखर कारखाने या एका जिल्ह्यात उभे आहेत. दुष्काळी जिल्ह्यात कारखान्यांची ही दाटी हा विनोद वाटावा. पण त्यासाठी शेतकऱ्याला दोषी धरणे अन्यायाचे होईल. शाळू पिकविणाऱ्याला भावाची हमी कोण देतो? मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने खळ्यावरचा भाव बदलला नाही. सांगोल्याच्या डाळिंबाने पैसा दाखविला खरा, पण तेल्या रोगाने बागाच्या बागा उपटावयास लावल्या. उसाला कायद्याने ठरविलेला किमान दर आहे आणि तोडणीची टोळी कारखाना पाठवितो. बिल थकते, आंदोलने होतात, तरीही ऊस हेच सर्वांत कमी जोखमीचे पीक ठरते. जिल्ह्याचे राजकारणही कारखान्यांभोवतीच फिरते; कालवा सल्लागार समितीत आवर्तनाच्या तारखा ठरताना ज्वारीची बाजू मांडणारा कोणी नसतो. उसाचे क्षेत्र घटवावयाचे तर आधी ज्वारीची खरेदी आणि डाळिंबाचा विमा भक्कम केला पाहिजे. ठिबक सक्तीचे करण्याची नुसती घोषणा करून भागणार नाही.

शहराची कथा याहून विपरीत. सोलापूरसाठी म्हणून पाणी वर्षानुवर्षे भीमेच्या पात्रात सोडले गेले. पंढरपूर मागे टाकून ते टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत पोहोचेतो वाळूत मुरते, उन्हाने आटते आणि काठावरचे पंप ते उचलतात. शहराला लागते त्याच्या कितीतरी पट पाणी असे खर्ची पडले आणि हिशेबात ते शहराच्या नावावर मांडले गेले. नदीवाटेची ही उधळपट्टी टाळण्याचा उपाय म्हणजे धरणापासून समांतर जलवाहिनी. तिचे काम मात्र निविदा, ठेकेदार आणि न्यायालय यांच्या फेऱ्यांत रेंगाळले. पात्रातल्या त्या पाण्यावर कोणाकोणाचे ऊस उभे राहिले, हे तपासण्याची उत्सुकता कोणत्याही पक्षाने दाखविली नाही.

नळाला तीन-चार दिवसांआड पाणी ही या शहराची वर्षानुवर्षांची रीत झाली आहे. पूर्वभागातील विडी कामगार स्त्रीला मजुरी मिळते ती हजारी विड्यांवर. पाण्याचा दिवस उजाडला की सूप बाजूला ठेवून ती घागरी, पिंपे, डबे भरीत बसते; त्या दिवशी हजाराचा आकडा भरत नाही.