ट्रॅक सोडून रस्त्यावर कशाला आलात?

चौकीतल्या हवालदाराने विचारलेला हा पहिला प्रश्न. ज्यांना विचारला त्या आमच्या वस्तीगटातल्या एक ताई. पुण्यात तीन घरी स्वयंपाकाची कामं करतात. सकाळी साडेसहाला सायकलवर निघतात, कारण त्या वेळी बसचा भरवसा नाही आणि रोजची रिक्षा परवडत नाही. त्या दिवशी मागून आलेल्या मोटारीचा आरसा हाताला लागून त्या पडल्या. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. पहिल्याच आठवड्यात एका घरी दुसरी बाई लागली.

मी त्यांच्याबरोबर चौकीत गेले होते. गाडी किती वेगात होती, किती जवळून गेली, हे कुणी विचारलं नाही. "बाजूला एवढा ट्रॅक करून दिलाय, तुम्ही रस्त्यावर कशाला आलात? गाडीवाल्याने दवाखान्याचे पैसे दिलेत ना? मिटवून टाका."

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. रात्री बाहेर कशाला गेली होतीस? त्या गल्लीतून कशाला आलीस? मार तिला पडतो आणि खुलासाही तिच्याकडेच मागितला जातो. पण मला प्रामाणिकपणे सांगायला हवं, की दवाखान्यात पोचल्यावर माझ्याही तोंडून हेच निघालं होतं, "ताई, ट्रॅकवरून का नाही गेलात?" त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही एकदा चालवून बघा."

दुसऱ्या दिवशी मी त्या ट्रॅकवर गेले. सुरुवातीलाच दुचाकी लावलेल्या. पुढे डीपी, त्याला वळसा घालायला जागा नाही. मग उखडलेले ब्लॉक, चहाच्या टपरीचं बाकडं आणि शेवटी हातभर उंचीचा कठडा. तिथून सायकल उचलूनच खाली घ्यावी लागते. मागे डबा, पुढे पिशवी आणि अंगावर साडी असलेल्या बाईने हे दिवसातून चार वेळा करायचं का?

पुणं सायकलींचं शहर म्हणून मिरवायचं. नेहरू पुनरुत्थान अभियानाचा पैसा २००५ नंतर आला, बीआरटीचे रस्ते झाले आणि त्यांच्या कडेने सायकल ट्रॅकही झाले. २०१७ साली महापालिकेने शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. कागदावर आपण मागे नाही. पण कागद आणि रस्ता यांच्यामधली जागा कोण भरून काढतं? ज्यांना दुसरं वाहन परवडत नाही, त्याच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण चौकीत आपण गप्प बसतो ते बहुतेक वेळा अज्ञानामुळे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे साधी सायकल हे मोटार वाहन नाही. तिला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही. रस्त्यावर ती पाहुणी म्हणून आलेली नाही, तिचा तिथे हक्क आहे. शेजारी ट्रॅक असला की सायकलने रस्त्यावर यायचंच नाही, असं सांगणारं एकही कलम या कायद्यात नाही. काही ठिकाणी सायकलला मनाई असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आहे, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आहे. पण तशी मनाई अधिसूचना काढून आणि फलक लावून करावी लागते. हवालदाराच्या मनात आलं म्हणून ती होत नाही. "मनाई आहे" असं कुणी म्हणालं, तर "अधिसूचना दाखवा" म्हणायचं.

उलट बाजू मात्र कायद्यात लिहिलेली आहे. वाहन चालवण्याचे केंद्राचे २०१७चे विनियम आहेत. पदपथावर आणि सायकल ट्रॅकवर मोटार वाहन चालवायचं नाही, उभंही करायचं नाही, असं ते सांगतात. म्हणजे त्या सकाळी नियम मोडला होता तो ट्रॅकवर दुचाकी लावणाऱ्यांनी. त्यांना कुणी चौकीत बोलावलं नाही. बोलावलं ते मनगट मोडलेल्या बाईला.

हक्काबरोबर जबाबदारीही येते. पदपथ पायी चालणाऱ्यांचा आहे. तिथे म्हाताऱ्या बायका असतात, मुलं असतात, गरोदर बाई असते. तिथून जायचंच झालं तर सायकल हातात धरून चालायचं. रस्त्यावर डावी बाजू धरायची, सिग्नल पाळायचा, उलट दिशेने यायचं नाही, अंधारात दिवा हवा. बेदरकारपणाचं कलम भारतीय न्याय संहितेत आहे आणि ते सायकलवालीलाही लागू होतं. हे आपण गटात बोललं पाहिजे. नाहीतर आपली एक चूक त्यांना शंभर वेळा सांगायला पुरते.

"पण बायका सायकल चालवतात तरी कुठे?" एका बैठकीत एका अधिकाऱ्याने हसत विचारलं. याचं उत्तर तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईने दिलेलं आहे. तिथे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतच सायकल शिकवली गेली आणि एक लाखाहून अधिक बायका सायकल शिकल्या. त्यात शेतमजूर होत्या, खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या, अंगणवाडी सेविका होत्या. नवऱ्याची किंवा बसची वाट न बघता त्या बाजाराला जाऊ लागल्या. बिहारने २००६ साली शाळकरी मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली वाढल्या. आपल्याकडेही मानव विकास मिशनमधून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. बाई सायकल चालवते. धडपणे चालवण्याजोगा रस्ता नसला की सोडून देते. आणि तिने सोडली, की तिने सोडली हेच रस्ता न करण्याचं कारण होतं!

याच्या पुढची पायरी कोलकात्याने दाखवली आहे. २०१३ साली तिथल्या पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलला मनाई केली. कारण दिलं वाहतुकीच्या शिस्तीचं. शिस्तीचा भार पडला तो सायकलवर पोट भरणाऱ्यांवर. आज "ट्रॅकमध्येच राहा" हे मुकाट्याने ऐकून घेतलं, तर उद्या "रस्त्यावर येऊच नका" हे ऐकावं लागेल. ट्रॅक सायकलवालीच्या संरक्षणासाठी आहे. त्याची लक्ष्मणरेषा झाली, की ओलांडली म्हणून दोष सीतेचाच.

आपल्या चळवळीलाही मला काही विचारायचं आहे. सायकल ट्रॅक हा पर्यावरणवाल्यांचा विषय, रविवारी सकाळी हेल्मेट घालून फिरणाऱ्यांचा शौक, असं आपण किती सहज म्हणतो! घरकामगार बाईच्या पगारावर, रजेवर आपण मोर्चे काढले. ती कामावर पोचते कशी, हे मात्र विचारलं नाही. पोचण्याचा रस्ता हाही तिच्या मजुरीचाच भाग आहे.

म्हणून प्रत्येक गटाने या तिमाहीत एवढं करावं. वस्तीपासून कामाच्या ठिकाणापर्यंतचा ट्रॅक सायकलवाल्या बायकांनाच बरोबर घेऊन तपासायचा. अडथळ्यांची यादी आणि फोटो वॉर्ड ऑफिसला आणि वाहतूक पोलिसांना द्यायचे, पोच घ्यायची. २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८अ त्यात जरूर लिहायचं. रस्त्याची रचना आणि देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्याने कुणाचा जीव गेला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

आणि अपघात झालाच, तर "मिटवून टाका" ऐकायचं नाही. तक्रार लेखी द्यायची, गाडीचा नंबर, साक्षीदार आणि दवाखान्याचे कागद जपायचे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा. बुडालेली मजुरीही त्यात मागता येते.

आमच्या ताई मिटवायला तयार झाल्या नाहीत. आम्ही दोघी परत चौकीत गेलो, या वेळी ट्रॅकचे फोटो आणि विनियमांची प्रत घेऊन. तक्रार नोंदवून घेतली गेली, अर्ज दाखल झाला आहे. निकाल काय लागेल ते माहीत नाही. हात अजून पूर्ण वळत नाही, पोळ्या लाटताना दुखतो. पण ताई पुन्हा सायकलवर जातात. ट्रॅक मोकळा असेल तिथे ट्रॅकवरून, नसेल तिथे रस्त्यावरून.