एका माणसाला एक कागद

दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या नाझींनी सुमारे 60 लाख ज्यू मारले, हा आकडा आपण ऐकलेला असतो. पण त्यांची नावे?

जेरुसलेमला 1953 साली स्थापन झालेली याद वाशेम ही संस्था ती गोळा करते. तिचे स्वयंसेवक त्या संहारातून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन बसतात. मेलेल्या प्रत्येकासाठी वेगळा छापील फॉर्म. नाव, आईबापांची नावे, जन्मगाव, धंदा, मृत्यू कुठे झाला. फोटो असला तर तोही. खाली सांगणाऱ्याची सही.

काम साधे दिसते, आम्हाला मात्र फार अवघड वाटते. एखाद्या आजीबाईला धाकट्या बहिणीचे लाडाचे नावच आठवले, तर घाई करून कसे चालेल? गप्प बसून राहायचे. ती सांगेल तेवढेच लिहायचे, पदरचे काही घालायचे नाही. अर्धा भरलेला फॉर्मही घेतात. सगळे घरच गेले असेल तर शेजाऱ्याने सांगितलेलेही चालते.

आमच्याच घरी पणजीचे नाव कोणाला सांगता आले नाही. तिथे तर गावेच्या गावे नाहीशी झाली.

फॉर्म आणि जुनी कागदपत्रे मिळून 2025 च्या नोव्हेंबरपर्यंत 50 लाख नावे सापडली. उरलेल्यांपैकी काही नावे ज्यांना ठाऊक असतील, ती माणसे आता ऐंशी-नव्वदीची आहेत.