भाऊसाहेबांची शाळा

आमच्या भागात ग्रामसेवकाला ‘भाऊसाहेब’ म्हणतात. हे संबोधन मोठे गमतीचे आहे. त्यात भाऊपणाची जवळीक आहे आणि साहेबपणाचे अंतरही आहे. माझे वडील गेली सव्वीस वर्षे असे भाऊसाहेब आहेत. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणते, मी अण्णा म्हणते. २०२४ साली शासनाने ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून त्यांना ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नवे नाव दिले. पण गावाच्या तोंडी अजून भाऊसाहेबच आहे, आणि तेच पुढेही राहील असे मला वाटते.

या लेखाचा विषय मला सुचला तो घरातल्या खुंटीवरून. आमच्या स्वयंपाकघरातल्या खुंटीला रेक्झिनच्या पाच पिशव्या टांगलेल्या आहेत. अण्णा प्रशिक्षणाला जिल्ह्याच्या गावी गेले की दोन-तीन दिवसांनी अशी एक पिशवी घेऊन येतात. तीत एक कोरी वही, एक पेन, एक छापील पुस्तिका आणि एक प्रमाणपत्र असते. वही माझ्या वाट्याला येते, पिशवी आईच्या बाजाराला लागते आणि पुस्तिका कपाटावर जाते. लहानपणी मी विचारीत असे, “अण्णा, तुम्हांला तिथे काय शिकवलं?” अण्णांचे उत्तर दर वेळी एकच, “नवीन नमुने भरायला.”

राज्यशास्त्राची विद्यार्थिनी झाल्यावर हे उत्तर मला टोचू लागले. ज्या माणसाच्या हातून लोकशाही गावाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचायची, त्याच्या शिक्षणाचा आवाका नमुने भरण्याएवढाच असावा काय?

आपल्या पाठ्यपुस्तकात स्थानिक स्वराज्याची परंपरा मोठ्या अभिमानाने सांगितलेली असते. १८८२ चा लॉर्ड रिपनचा ठराव, बळवंतराय मेहता समिती, महाराष्ट्रातील वसंतराव नाईक समिती, १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, १ मे १९६२ पासून सुरू झालेल्या जिल्हा परिषदा आणि त्यानंतर २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आलेली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती. या दुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले, स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा दिल्या (महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्यावर नेल्या) आणि अकराव्या अनुसूचीत २९ विषय पंचायतींसाठी नोंदवले. हा सारा इतिहास आपण परीक्षेत लिहितो. परंतु या इतिहासात ग्रामसेवक नावाचा माणूस शोधायला गेले तर तो कुठेच भेटत नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा गावपातळीवरचा कार्यकर्ता म्हणून याच माणसाकडे पाहिले जात होते. शेती, आरोग्य, शिक्षण या साऱ्यांत तो गावाचा सोबती व्हावा अशी अपेक्षा होती. ‘सेवक’ हा शब्द त्या अपेक्षेतूनच आला. पुढे त्याच्याकडे पंचायतीचे दप्तर आले, योजनांमागून योजना आल्या, आणि सोबत्याचा हळूहळू कारकून झाला.

आज त्याच्यापुढे काय नसते? जन्म-मृत्यूच्या नोंदी, विवाहाची नोंद, घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली, घरकुलांच्या याद्या, पाण्याची योजना, ग्रामसभेचे इतिवृत्त, लेखापरीक्षणाचे आक्षेप. एकट्या हिशेबाचे नमुनेच १ ते ३३. त्यांत एकाहून अधिक गावांचा कारभार असेल तर विचारायलाच नको. अशा माणसाला प्रशिक्षण मिळत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्याला ‘यशदा’सारखी मोठी संस्था आहे. नगरपालिकांच्या सेवकांसाठी मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ पासून काम करीत आहे आणि तिचे पदविका अभ्यासक्रम पुरे करून कित्येक कारकून, स्वच्छता निरीक्षक वर चढले आहेत. नोकरी सांभाळून पदवी घेऊ पाहणाऱ्यांसाठी १९८९ पासून नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे. शाळा आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे : या शाळांतून शिकलेला भाऊसाहेब गावात परत आला की गावाला त्याचे काय मिळते?

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर ज्या गावात होते, तिथल्या ग्रामसभेला आम्ही काही विद्यार्थी बसलो होतो. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे ग्रामस्थ हवेत, असा नियम आम्हांला पाठ होता. प्रत्यक्षात मंडपात वीस-बावीस माणसे, त्यांत स्त्रिया चार. सभा तहकूब करण्याची भाषा सुरू झाली, तेवढ्यात एक आजी उठून उभ्या राहिल्या. त्यांनी विचारले, “माझं घर दोन खणांचं. शेजारणीचं चार खणांचं. मग पट्टी मला जास्त कशी?” प्रश्न साधा होता. तिथले भाऊसाहेब म्हणाले, “आजी, त्याला नमुना आठ बघावा लागेल.” कोणीतरी हसले. आजी खाली बसल्या. सभा संपली.

त्या भाऊसाहेबांना दोष द्यावा असे मला त्या क्षणी वाटले नाही, कारण त्यांच्या जागी मला अण्णा दिसत होते. त्यांनी दिलेले उत्तर चूक नव्हते. घरांच्या कर आकारणीची नोंद नमुना आठमध्येच असते. पण ते उत्तर कार्यालयाला दिलेले होते, आजींना नव्हते. “तुमचं घर पक्क्या बांधकामात धरलं असेल, उद्या सकाळी या, आपण दोघं मिळून नोंद पाहू, चुकली असेल तर दुरुस्तीचा अर्ज मी लिहून देतो”, एवढी तीन वाक्ये पुरली असती. ही तीन वाक्ये बोलायला कोणत्या प्रशिक्षणात शिकवतात? नमुना भरायला शिकवणारे प्रशिक्षण आहे. नमुना समजावून सांगायला शिकवणारे नाही. मला वाटते, आपल्या स्थानिक स्वराज्याचे निम्मे दुखणे या एका फरकात आहे.

दुसरे निम्मे दुखणे लिहिताना माझा हात अडखळतो, कारण ते आमच्याच घरचे आहे. ग्रामसेवकाने मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी राहावे असा दंडक आहे. अण्णा राहिले नाहीत. मी पाचवीत गेले तेव्हा आम्ही तालुक्याच्या गावी खोली घेतली, कारण तिथे चांगली शाळा होती आणि पुढे हे महाविद्यालय होते. अण्णा सकाळच्या एस. टी. ने जात आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत. आणि भाऊसाहेब गावातच राहतात असा ठराव कागदोपत्री होत असे. इतिवृत्त लिहिणे हे ग्रामसेवकाचेच काम; म्हणजे तो ठराव माझ्या वडिलांच्याच अक्षरात असणार. शेतातून माणसे संध्याकाळी घरी परततात, तेव्हा भाऊसाहेब एस. टी. त असत. मी आज या अंकात चार ओळी लिहू शकते, त्याची काही किंमत त्या गावाने आपल्या संध्याकाळी देऊन चुकवली आहे, हे मला नाकारता येत नाही.

हे छापावे की नाही, म्हणून मी अण्णांना विचारले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “लिही. गावाचं नाव घालू नकोस.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “आणि हेही लिही, की गावानं मला कधी मुक्कामाला थांबा म्हटलं नाही.”

या दुसऱ्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. आपण अधिकाऱ्याकडून कामाची अपेक्षा करतो, पण त्याला आपल्यातला मानत नाही. तोही मग कचेरीची वेळ संपली की गावाचा उरत नाही. सेवेचे वर्तणूक नियम त्याला निवडणुकीच्या राजकारणापासून दूर ठेवतात आणि ते योग्यच आहे. परंतु वाचनालय चालवायला, शाळेतल्या मुलांना शनिवारी दोन शब्द सांगायला, भजनाला जाऊन बसायला, पाणलोटाच्या श्रमदानात कुदळ हाती घ्यायला कोणता नियम आड येतो? अधिकारी हा आधी नागरिक आहे. त्याच्यातला नागरिक जागा राहिला तरच समोरच्या नागरिकाचा प्रश्न त्याला कळेल. ‘गाव करील ते राव काय करील’ ही म्हण आपण मोठ्या थाटात सांगतो. पण गावाच्या ‘करण्यात’ भाऊसाहेबाला धरत नाही.

यावर काही प्राध्यापक व मित्र म्हणतील, ‘प्रशिक्षणाने आणि श्रमदानाने काय होणार? हिवरे बाजार घडले ते पोपटराव पवारांसारख्या माणसामुळे. माणूस असावा लागतो.’ हिवरे बाजाराचे उदाहरण मलाही आदराचे वाटते. परंतु महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. तितके पोपटराव कोठून आणायचे? थोर माणसाची वाट पाहणे हा आळसाचा एक सभ्य प्रकार आहे. साधारण माणसाच्या हातून बऱ्यापैकी काम व्हावे, यासाठी तर संस्था आणि शाळा असतात. शिवाय लोकप्रतिनिधी नसले तरी अधिकारी असतोच. २०२२ पासून राज्यातील अनेक महानगरपालिका आणि जिल्हा परिषदा कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. अशा काळात नागरिकाला उत्तर देण्याची सवय नसलेला अधिकारी किती एकटा आणि किती बेफिकीर होऊ शकतो, याचा विचार करावा.

दुसरा आक्षेप अण्णांच्याच पिढीचा आहे. ‘आधी कामाचा बोजा कमी करा, मग शिकवा.’ हा आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याजवळ सोपे उत्तर नाही. दोन-तीन गावांचे दप्तर सांभाळणाऱ्याला संध्याकाळी भजनाला बसा म्हणणे हे क्रूरपणाचे होईल. म्हणून माझ्या सूचना मोठ्या नाहीत.

एक, प्रशिक्षणातला एक दिवस सभागृहातून काढून एखाद्या गावाच्या ग्रामसभेत घालवावा. तिथे आलेल्या प्रश्नांची उत्तरे साध्या मराठीत कशी द्यावीत, हाच त्या दिवसाचा धडा असावा. त्या आजींसारखी माणसे हेच त्या दिवसाचे परीक्षक. दोन, सरपंच आणि ग्रामसेवक यांना निदान एकदा तरी शेजारी बसवून शिकवावे. राखीव जागेवर प्रथमच निवडून आलेल्या सरपंचबाई एकीकडे शिकतात, भाऊसाहेब दुसरीकडे शिकतात, आणि धनादेशावर सह्या मात्र दोघांना मिळून करायच्या असतात. तीन, नोकरीत राहून पुढे शिकणाऱ्याला रजेची सवलत आणि बढतीत मान मिळावा. प्रमाणपत्र नुसते पिशवीत राहू नये. चार, भाऊसाहेबाने गावात राहावे असे वाटत असेल तर तिथे राहण्याजोगे घर आणि मुलांना शिकण्याजोगी शाळा हवी. खोट्या ठरावांवर खरा उपाय तोच आहे.

पाचवी सूचना आपल्यासाठी. आपल्या महाविद्यालयात स्थानिक स्वराज्यावर तास होतात, पण माझ्या तीन वर्षांत एकाही भाऊसाहेबाला, एकाही नगरपालिकेच्या मुकादमाला कोणी आपल्या व्यासपीठावर बोलावलेले मला आठवत नाही. कवी येतात, पुढारी येतात, ते यावेतच. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा ही आपली रीत सुटावी. राज्यशास्त्र विभागाने वर्षातून एक दुपार तालुक्यातल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी ठेवावी. त्यांनी आम्हांला नमुना आठ शिकवावा, आम्ही त्यांना अडाण्यासारखे प्रश्न विचारावेत. दोघांचेही शिक्षण होईल. आणि शिबिराच्या सात दिवसांत रस्ते झाडण्याबरोबरच आम्ही घरोघर जाऊन लोकांना त्यांच्या घरपट्टीची नोंद वाचून दाखवावी.

हे मी केवळ उपदेश म्हणून लिहीत नाही. आपल्या वर्गातले कितीतरी जण सरळसेवा भरतीचे अर्ज भरीत आहेत. मीही भरणार आहे. अकराव्या अनुसूचीत विषय किती, हे मला परीक्षेत विचारले जाईल आणि मी २९ असे बिनचूक सांगेन. त्या आजींना काय उत्तर देशील, हे मात्र कोणी विचारणार नाही. ते माझे मलाच विचारावे लागेल, आणि संध्याकाळची गाडी सुटायच्या आत.

अण्णा दोन वर्षांनी निवृत्त होतील. गेल्या महिन्यात ते सहावी पिशवी घेऊन आले. या वेळी मी वही घेतली नाही. म्हटले, “अण्णा, ही तुमच्याजवळच ठेवा. ग्रामसभेत कोण काय विचारतं, ते हिच्यात लिहा.” परवा सहज उघडून पाहिली. पहिल्या पानावर तारीख होती आणि खाली अण्णांच्या अक्षरात एकच ओळ होती, एका बाईंचा पाण्याविषयीचा प्रश्न. उत्तराची जागा कोरी होती. पण प्रश्न तिच्या शब्दांत लिहिलेला होता.

— तृतीय वर्ष कला (राज्यशास्त्र)